धर्माची कसोटी : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक विचार

नांदेड-लातूरकडील मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. गावोगावच्या चौकांत त्यांचे पुतळे आहेत आणि राज्यघटनेचा पाठ त्यांच्या नावावाचून पुरा होत नाही. परंतु ज्या पुरुषाचे नाव आपण नित्य घेतो, त्याने कोणता प्रश्न जन्मभर उराशी बाळगला होता, हे विचारावयाचे पुष्कळदा राहून जाते. बाबासाहेबांचा तो प्रश्न थोडक्यात असा होता : अमुक धर्म परलोकाविषयी काय सांगतो, हे क्षणभर बाजूला ठेवा, तो या लोकी माणसाला माणसाशी कसे वागावयास लावतो, ते मला दाखवा. या एका कसोटीवर त्यांनी निरनिराळे धर्म घासून पाहिले आणि त्यांत बौद्ध व ख्रिस्ती या दोन धर्मांचा त्यांनी फार बारकाईने विचार केला. आपल्या शाळेत या दोन्ही धर्मांच्या घरची मुले एका बाकावर बसतात. म्हणून त्यांचे चरित्र या बाजूने पाहणे आपणा सर्वांस उपयोगी होईल.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते व कबीरपंथाचे अनुयायी होते. घरात भजन, पठण व शिस्त यांचे वातावरण होते. परंतु सातारच्या शाळेत हा सुभेदाराचा मुलगा इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हा त्याने ओंजळीने प्यावे. शिपाई नसला, तर तहानेलेच राहावे. ज्या मुलाने शाळेतील पाण्यावरून धर्माची पहिली ओळख करून घेतली, त्याने पुढे प्रत्येक धर्माला व्यवहाराविषयी प्रश्न विचारावेत, यात नवल ते काय?

पुढे हे कुटुंब मुंबईस आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. परीक्षेतील यशाबद्दल त्याच्या समाजातील मंडळींनी त्याचा सत्कार केला. त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. केळूसकर हे मिशनच्या विल्सन हायस्कुलातील शिक्षक होते. एका मिशनरी शाळेच्या मराठी शिक्षकाने दिलेले ते पुस्तक पुढे एका मोठ्या धर्मांतराचे बीज ठरावे, हा योग विचार करण्यासारखा आहे. याच केळूसकरांच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती भीमरावास मिळाली. ते पदवीधर झाले आणि १९१३ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व तेथून १९१६ साली लंडनला गेले.

शिष्यवृत्तीच्या करारामुळे १९१७ साली त्यांना बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हावे लागले. परदेशची विद्या घेऊन आलेल्या या तरुणाला शहरात राहावयास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. परंतु काही दिवसांतच हातांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. बडोद्यात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू व दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने आपली अडचण सांगितली : तुम्हांस ठेवून घेतले, तर घरचे नोकर निघून जातील. तेव्हा ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. त्याने सांगितले की, पत्नी गावाहून येणार आहे. तिला विचारल्यावाचून काही सांगता येत नाही. हे दांपत्य मूळचे ब्राह्मण होते. बाप्तिस्मा झाला होता, परंतु जुना सोवळेपणा गेला नव्हता, हे आंबेडकरांना तेव्हा कळून चुकले. संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत एका झाडाखाली बसून काढला आणि मुंबई गाठली. ही हकीकत त्यांनीच पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. धर्म बदलला तरी मन बदलतेच असे नाही, हा त्यांचा अनुभव पुस्तकातला नव्हता.

लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करून व बॅरिस्टर होऊन ते १९२३ साली परतले आणि समाजकार्यास लागले. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे त्यांनी चवदार तळ्याचे पाणी आपल्या हजारो अनुयायांसह प्राशन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्याच दिवशी, महाडला मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला व तो पाच वर्षे चालला. देवळाचे दार काही उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे त्यांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मास येणे माझ्या हाती नव्हते. पण हिंदू म्हणून मी मरणार नाही.

या घोषणेने देशात मोठी खळबळ उडाली. मुसलमान, शीख, बौद्ध व ख्रिस्ती अशा सर्व धर्मांच्या धुरिणांनी त्यांच्याशी संपर्क साधला. त्यांनी कोणासही घाईने होकार दिला नाही. येवल्याची घोषणा व नागपूरची दीक्षा यांमध्ये एकवीस वर्षे गेली. ज्या पुढाऱ्यामागे लक्षावधी लोक डोळे मिटून चालावयास तयार होते, त्याने एकवीस वर्षे ग्रंथ चाळावेत, प्रवास करावा, माणसे पाहावीत आणि मगच पाऊल टाकावे, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाची साक्ष देते.

या काळातील एक प्रसंग आपल्या शेजारच्या सोलापूरचा आहे. १९३८ सालच्या जानेवारीत तेथील ख्रिस्ती समाजापुढे त्यांचे भाषण झाले. धर्मांच्या तौलनिक अभ्यासानंतर आपल्या मनाला मोहिनी घालणाऱ्या दोनच व्यक्ती आढळल्या, एक बुद्ध व दुसरा ख्रिस्त, असे त्यांनी तेथे मोकळेपणाने सांगितले. येथवर ऐकून श्रोते सुखावले असतील. परंतु त्यांना हवा होता तो धर्म समता, बंधुता व स्वातंत्र्य यांचे आचरण शिकविणारा. त्या दृष्टीने त्यांनी श्रोत्यांना त्यांचेच घर दाखविले. दक्षिणेत देवाच्या मंदिरातही ख्रिस्ती लोक जातवार वेगळे बसतात, हे त्यांनी दाखवून दिले. शाळा, दवाखाने व शिकलेली माणसे असूनही ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडत नाही आणि राजकारणात आपला आवाज उठवीत नाही. उलट माझे लोक निरक्षर असूनही चळवळीच्या बळावर पुढे येत आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्यांनी आदराने बोलाविले, त्यांच्या तोंडावर असे सत्य बोलावयास स्नेह आणि धैर्य दोन्ही लागतात.

हीच टीका त्यांनी काही निबंधांत विस्ताराने मांडली. ते निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाचा जो खंड १९८९ साली काढला, त्यात ते आले. मिशनऱ्यांची शिक्षणातील व वैद्यकीय सेवेतील कामगिरी त्यांनी नाकारली नाही. परंतु त्या सेवेचा मोठा वाटा वरच्या जातींच्या पदरी पडला, कारण आधी उच्चवर्णीयांस शिकवावे व मग धर्म आपोआप खाली झिरपेल, अशी आशा आरंभीच्या काही मिशनऱ्यांनी धरली होती, असे त्यांनी दाखविले. मिशनच्या शाळेतून गेलेल्या आम्हा शिक्षकांस हे वाचताना मान खाली घालावी लागते.

त्यांचा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नवख्रिस्ती माणसास सांगितले जाते की, मनुष्याची अधोगती पापामुळे झाली. तेव्हा त्याने क्षमा मागावी. परंतु ज्याची अधोगती शेजाऱ्याच्या अन्यायामुळे झाली, त्याने क्षमा कोणाची मागावी? त्याला न्याय मागावयास कोण शिकविणार? या आक्षेपास ख्रिस्ती मनुष्याने चिडून उत्तर देऊ नये. आमोस व यशया या संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि नासरेथच्या सभास्थानात प्रभु येशूने केलेला पहिला उपदेश ज्यांनी वाचला आहे, त्यांना ठाऊक आहे की, दडपलेल्यांची सुटका हा पवित्र शास्त्राचा परका विषय नव्हे. शास्त्र मुके नव्हते. ते वाचणारे पुष्कळदा मुके राहिले. ग्रंथाची थोरवी सांगून अनुयायांचे न्यून झाकता येत नाही, हेच तर बाबासाहेबांना सांगावयाचे होते.

तथापि चित्राची दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. महात्मा जोतीराव फुले पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला कुमारी सिंथिया फरार यांनी चालविलेली मुलींची शाळा पाहून त्यांच्या विचारास चालना मिळाली आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. जालन्याजवळ नारायण शेषाद्री या मूळच्या ब्राह्मण पाळकांनी बेथेल ही वसाहत उभारली व मांग समाजातील कुटुंबांस जवळ केले. बुद्ध, कबीर व फुले हे बाबासाहेबांचे तीन गुरू. फुल्यांनी जो दिवा लावला, त्यातील तेलाचा काही अंश मिशनच्या शाळेतून आला होता, असे म्हटल्यास कोणाचाही उणेपणा होत नाही. ख्रिस्ती धर्माचा महाराष्ट्रावरील नैतिक परिणाम मंडळीच्या यादीतील नावांवरून मोजण्यापेक्षा अशा ठिकाणी शोधावा; तेथे तो अधिक सापडेल.

मग बाबासाहेबांनी बौद्ध धर्मच का पत्करला? १९५० साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी धर्माच्या अंगी काय असावे, ते सांगितले आहे. समाजाला नीतीचे बंधन हवे आणि ते धर्माने पुरवावे. धर्म बुद्धीस व विज्ञानास पटणारा असावा. त्याच्या नीतीत स्वातंत्र्य, समता व बंधुता यांस मान्यता असावी. आणि त्याने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. बुद्धाने स्वतःकडे ईश्वराचे प्रेषितपण किंवा पुत्रपण घेतले नाही. मी मार्ग दाखविणारा आहे, चालावयाचे तुम्हीच, असे तो सांगतो. ही गोष्ट त्यांना फार महत्त्वाची वाटली. ख्रिस्ती श्रद्धा याहून वेगळी आहे आणि तो भेद लपविण्याचे कारण नाही. शिवाय आपण कोणताही मार्ग निवडला, तरी या देशाच्या संस्कृतीस धक्का लागू नये, ही काळजी त्यांना होती. बौद्ध धर्म तर याच भूमीत जन्मला होता.

बौद्ध धर्माची निवड करताना त्याचेही त्यांनी परीक्षण सोडले नाही. भिक्षू हा समाजाचा सेवक असावा; केवळ स्वतःच्या मुक्तीत गढलेला भिक्षू धर्माच्या कामाचा नाही, असे त्यांचे मत होते. ख्रिस्ती लोकांपाशी सहज बरोबर नेता येईल असा एक ग्रंथ आहे, बौद्धांचे वाङ्मय मात्र अफाट पसरलेले आहे, ही अडचण त्यांनी ओळखली आणि सामान्य माणसासाठी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्ध केला. भिक्षूंना दीक्षाविधी होता, पण उपासकांना धर्मप्रवेशाचा निश्चित विधी नव्हता, हेही बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे एक कारण त्यांनी मानले. जेथे जे चांगले दिसेल ते पारखून घ्यावे, अशी ही वृत्ती होती.

याच काळात त्यांचा आपल्या मराठवाड्याशी निकटचा संबंध आला. १९४१ साली धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी ते आले होते. निजामी राजवट १९४८ साली संपली, तेव्हा उच्च शिक्षणाच्या बाबतीत हा प्रदेश फार मागे होता. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. हे शहर आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. त्या महाविद्यालयास मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा ग्रीक राजा होता. नागसेन नावाच्या भिक्षूला त्याने एकामागून एक कठीण प्रश्न विचारले आणि उत्तरे पटल्यावर तो नम्र झाला, अशी कथा आहे. विद्यार्थ्याने प्रश्न विचारल्याखेरीज काहीही मानू नये, हाच त्या नावातील बोध होय. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून कितीतरी मुले त्या महाविद्यालयात शिकून मोठी झाली.

घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. परंतु कायदा माणसाला गुन्ह्यापासून आवरील. त्याला शेजाऱ्यावर प्रेम करावयास कायदा शिकवू शकत नाही, हे त्या कायदेपंडिताला पुरते ठाऊक होते. म्हणूनच घटना पुरी झाल्यावरही त्यांचा धर्माचा शोध थांबला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे भिक्षू चंद्रमणी यांच्या हस्ते त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि लगेच स्वतः लाखो अनुयायांस बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. त्या प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची, चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची व दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे देहावसान झाले. धम्मावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला.

आता त्यांचीच कसोटी त्यांच्या कार्यास लावून पाहू. १९५१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सुमारे २७ लक्ष ९० हजार झाली. या लोकांना धर्मांतराने सुख लागले असे नाही. अनुसूचित जातींना मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या सवलतींना बौद्ध १९९० पर्यंत मुकले होते. तरीही ते मागे फिरले नाहीत. मेलेली ढोरे ओढण्याचे काम त्यांनी सोडले, हात जोडून जगण्याची सवय सोडली आणि पाटी-पुस्तक धरले. २०११ च्या खानेसुमारीत देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सुमारे ७३ होते. बौद्धांत ते ८१ व ख्रिस्ती समाजात ८४ च्या वर होते. दर हजार पुरुषांमागे देशात ९४३ स्त्रिया होत्या, बौद्धांत ९६५ आणि ख्रिस्ती समाजात १०२३. हे सारे केवळ धर्माचे फळ, असे कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाही. सरकारी शाळा, शहरातील नोकऱ्या व चळवळ यांचाही त्यात वाटा आहे. परंतु ज्या समाजांनी शिक्षणास धर्मकार्य मानले, त्यांची मुले-मुली पुढे गेली, एवढे तरी निश्चित दिसते.

या यशाबरोबर आपल्या भागाचे एक दुःखही स्मरले पाहिजे. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, तेव्हा मराठवाड्यात, आपल्या नांदेड जिल्ह्यातही, दलितांची घरे जळाली व माणसे प्राणांस मुकली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. एका विद्येच्या मंदिरास एका विद्वानाचे नाव देण्यास सोळा वर्षे लागावीत आणि त्यासाठी रक्त सांडावे! समतेचा पाठ आपण सर्वांनी, कोणत्याही धर्माचे असलो तरी, किती अपुरा गिरविला आहे, हे यावरून दिसून येते.

विद्यार्थिमित्रहो, बौद्ध श्रेष्ठ की ख्रिस्ती श्रेष्ठ, असा वाद घालून या चरित्राचा उपयोग होणार नाही. ख्रिस्ती घरच्या मुलांनी सोलापूरचे ते भाषण आपल्यासाठीच झाले असे समजावे. मंडळीत, लग्न जुळविताना व शेजारपाजारी जुनी जात अजून विचारली जाते काय, हे घरी वडीलधाऱ्यांस नम्रपणे विचारावे. बौद्ध घरच्या मुलांनी बावीस प्रतिज्ञा पाठ असल्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्यांतील दारूची व खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा घरात पाळली जाते काय, हेही पाहावे. इतर धर्मांच्या मुलांनाही आपापल्या घरी हाच प्रश्न विचारता येईल. आणि पालकवर्गास विनंती आहे की, मुलांनी असे प्रश्न विचारले तर रागावू नये. सातारच्या शाळेत तहानेलेल्या राहिलेल्या एका मुलानेही असेच प्रश्न विचारले होते; त्याला उत्तर देण्यास आपल्या समाजाला फार उशीर लागला. आज आपल्या शाळेच्या नळावर सर्व मुले एका रांगेत उभी राहून पाणी पितात. तीच रांग आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आतही तशीच राहते काय, यावरच आपल्या धर्माची पारख होणार आहे.